पुसलं जाणारं चित्र आणि निम्मं कमिशन

शंका : मुंबईतल्या एका छोट्या गॅलरीत थेट भिंतीवर कोळशानं काढलेली चित्रं पाहिली. प्रदर्शन संपलं की त्यांवर चुना फिरवतात म्हणे! मग मेहनत वाया नाही का गेली? आणि गॅलरी विकते तरी काय? (एक वाचक, चंद्रपूर)

समाधान : या रीतीनं काम करणारे प्रभाकर पाचपुते तुमच्याच जिल्ह्यातले, राजुऱ्याजवळच्या सास्तीचे. त्यांच्या घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबल्या. २०१२ साली कुलाब्यातल्या ‘क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह’ या छोट्या स्वतंत्र जागेत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, ‘कॅनरी इन अ कोल माइन’. ब्रिटनमधल्या खाणींत पूर्वी कॅनरीचा पिंजरा घेऊन कामगार उतरत. विषारी वायू साचला की आधी पक्षी कोसळे, मग माणसं जीव वाचवायला धावत.

चित्रकाराचा कोळसा खाणीतला नव्हे. तो काड्या जाळून केलेला. भिंतीवर तो नुसता टेकलेला असतो, बोट लावलं तर बोटाला येतो. खाणीपायी जमीन, शेत, कधी अख्खं गाव उठतं, त्या अनुभवाचं चित्र कायम टिकणाऱ्या रंगात काढायला हवं होतं, असं मला मुळीच वाटत नाही. ते पुसलं जाणं हा चित्राचाच भाग आहे.

विक्रीचं म्हणाल तर असे कलाकार बहुधा कागदावर, कॅनव्हासवर किंवा शिल्पातही काम करतात आणि ते विकलं जातं. दुसरी वाट अमेरिकेच्या सोल लविट यांची. १९६८ साली न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत त्यांनी पहिलं भित्तिचित्र काढलं, तेही नंतर रंगाखाली गेलं. पुढे ते अशा चित्रांचा आराखडा आणि प्रमाणपत्र देऊ लागले. त्यावरून ते चित्र दुसऱ्या भिंतीवर, दुसऱ्यांच्या हातूनही पुन्हा काढता येतं.

शंका : विकत काही घ्यायचं नसताना अशा गॅलरीत शिरलं तर चालतं का? (एक वाचक, नाशिक)

समाधान : बेशक जा. तिकीट नसतं. दार बंद दिसलं तर बेल वाजवा. आत एसी असतो म्हणून ते लावलेलं असतं. टेबलावरचं टिपण आधी वाचू नका, चित्रांपाशी एक फेरी मारून मग वाचा. तिथल्या मंडळींना प्रश्न विचारा, दिवसभर त्याच कामांसोबत बसलेल्या माणसाला ते आवडतात.

शंका : मुलगी जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडली आहे. एक गॅलरी प्रदर्शनाचं भाडंही मागते आणि विक्रीतला निम्मा वाटाही. हे रास्त आहे का? (एक वडील, सांगली)

समाधान : नाही, मला हे पटत नाही. या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि दोन्ही मुंबईत एकाच इमारतीत नांदल्या. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात कलाकार अर्ज करतो, निवड झाली की भाडं भरून आठवडाभर दालन घेतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड उघडली. अतुल दोडिया यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९८९ मध्ये तिथलंच. अशी गॅलरी कलाकार निवडते, जागेचा, छपाईचा, प्रकाशयोजनेचा भार उचलते, चार चित्रंही विकली गेली नाहीत तरी पुढचं प्रदर्शन करते. त्या जोखमीपोटी निम्म्यापर्यंत वाटा घेणं हा रिवाज आहे. भाडं घेणाऱ्यानं जोखीम कुठे घेतली?

मुलीला लेखी करार मागायला सांगा : दिलेल्या चित्रांची यादी, वाटा किती, पैसे किती दिवसांत, न विकलेली चित्रं कोणाच्या खर्चानं परत येणार. गॅलरीतून विकल्या गेलेल्या चित्राचाही कॉपीराइट, तिनं लेखी देऊन टाकला नसेल तर, तिच्याकडेच राहतो. तेव्हा सही करण्यापूर्वी करारातलं कॉपीराइटचं कलम तिनं नीट वाचावं.