लसीचं कार्डही सोबत आणा

एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून मुलांच्या घरच्यांशी बोलता बोलता मनात पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. आईला एचआयव्ही म्हणजे बाळालाही, असं घरात आधीच ठरलेलं असतं. तसं नसतं. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणी होते. शेवटचा निर्वाळा १८ महिन्यांनी मिळतो, कारण तोवर आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असू शकतात. त्या निकालासाठी लसी अडवून धरू नका.

२. एक आजी नातवाच्या दंडावरची बीसीजीची खूण दाखवून म्हणाल्या, "ताई, समद्या सुया टोचल्यात की याला." कार्ड पाहिलं, एकही रकाना रिकामा नव्हता. पण पोराची एचआयव्हीवरची औषधं सुरू झाली होती चौथ्या वर्षी. तोवर विषाणूने रोगाशी लढणाऱ्या सीडी४ पेशी खाल्ल्या, आणि लसीची आठवण धरून ठेवणाऱ्या पेशीही कमजोर केल्या. औषधांनी सीडी४ वर येतो, गेलेली आठवण मात्र आपोआप परतत नाही. म्हणूनच प्रतिकारशक्ती सावरली की गोवराचा जादा डोस द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिपॅटायटिस-बीसाठीही रक्त तपासून गरज पडली तर पुन्हा लसीकरण करतात. गोवर म्हणजे नुसतं अंगावर पुरळ येणं, असं समजू नका. सीडी४ खाली असलेल्या मुलात पुरळ न उठताही थेट न्यूमोनिया होऊ शकतो.

३. गोवर, कांजिण्या या जिवंत लसी. पाच वर्षांखालच्या मुलाचा सीडी४ १५ टक्क्यांखाली असेल तर त्या थांबवतात. पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल यांना ती आडकाठी नाही.

४. बाळाला एआरटीच्या गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांत बीसीजीच्या बाजूच्या काखेत गाठ येऊ शकते. घरचे हादरतात, गोळ्या बंद करतात. अंगातली ताकद परत येताना शरीर बीसीजीच्या जंतूंवर उठतं, त्यातून हे घडू शकतं. गाठ डॉक्टरांना लगेच दाखवा, पण गोळ्या मनाने बंद करू नका.

५. सगळ्यात जास्त अडतं ते इथे. एआरटीची हिरवी वही तांदळाच्या डब्यात लपवलेली, आणि लसीचं कार्ड आशाताईंसमोर. एकाच मुलाचे हे दोन कागद कुठल्याच टेबलावर एकत्र येत नाहीत. गावात कळेल ही भीती खोटी नाही, तिची किंमत मोजलेली घरं मी पाहिली आहेत. संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करू नये, असा २०१७ चा कायदा आहे, पण गल्लीतली कुजबूज कायद्याने थांबत नाही. म्हणून वही गावात दाखवा असं मी कुणाला सांगत नाही. उलट करा: एआरटी केंद्रात येताना लसीचं कार्ड पिशवीत टाका. ते डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "याचा सीडी४ आता किती आहे, आणि कुठला डोस पुन्हा द्यायचा?" कुणी विचारायची वाट बघू नका, तुम्हीच विचारा.