धावण्याच्या अंतराचे मापन : घड्याळ आणि फीत

क्रीडास्पर्धा जवळ आल्या म्हणजे मनगटी घड्याळ वा मोबाईल घेऊन मैदानास फेरी मारावी व दिसेल त्या अंतरावर धावपट्टी आखावी, असा मोह शिक्षकास होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. ही साधने उपग्रहांच्या संकेतांवरून थोड्याथोड्या वेळाने धावणाऱ्याचे स्थान ठरवितात व ती स्थाने सरळ रेषांनी जोडतात. प्रत्येक स्थानात काही मीटरांची चूक संभवते. दाट झाडीत ती वाढते. वळणावर धावणारा कंसावरून जातो, साधन मात्र जीवा मोजते; म्हणून अंतर कमी भरते. 10 किलोमीटरांत 4 मीटरांची चूक नगण्य होय. 50 मीटरांत तीच शेकडा 8 होते. आखूड पट्टीवरील वेळेवर विसंबून तालुक्यास पाठविलेला मुलगा तेथे मागे पडतो, आणि दोष त्याच्याच माथी येतो!

यास्तव पोलादी फीत वापरावी. 200 मीटरांच्या फेरीस 50 मीटरांच्या दोन सरळ बाजू व 15.92 मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे पुरतात. फक्कीची आतली रेघ मात्र सर्वत्र 20 सेंटिमीटर आत, म्हणजे वळणावर 15.72 मीटर त्रिज्येने ओढावी. कारण अंतर रेघेवर नव्हे, धावणाऱ्याच्या मार्गावर मोजतात.

लांब शर्यतीस सायकल उत्तम. मॅरेथॉनचा 42.195 किलोमीटरांचा मार्गही सायकलीनेच मोजतात. तो आखूड भरू नये म्हणून हजारी 1 मीटर भर घालतात. सहावीच्या मुलांकडून चाकास खूण करवून, फितीने मोजलेल्या 100 मीटरांत किती फेरे होतात ते मोजवावे. सायकलीवर स्वार बसलेला असावा. त्याच्या भाराने टायर दबतो व एका फेऱ्याचे अंतर घटते.