थंडीत खुराडं बंद करा, पण कोंडू नका

ताईंनो, दिवाळी झाली की थंडी पडते आणि आपण कोंबड्यांच्या खुराड्याला चारही बाजूंनी प्लास्टिक, गोणपाट गुंडाळतो. एक फटसुद्धा ठेवत नाही. तरीही पौष येईपर्यंत कोंबड्या शिंकायला लागतात, अंडी कमी होतात, एखादी दगावते. आपण म्हणतो, "थंडीनं मेली." बऱ्याचदा मात्र तिचा जीव कोंडलेल्या ओल्या हवेनं जातो. हे कसं होतं आणि त्यावर घरच्या घरी काय करायचं, ते या पाठात पाहू.

ओल येते कुठून?

मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. म्हणजे १० कोंबड्यांचं दोन-अडीच लिटर झालं. त्यातलं बरंचसं पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. खुराडं घट्ट बंद असेल, तर ही वाफ वर जाते, गार पत्र्याला लागते आणि थेंब होऊन खालच्या तुसावर पडते. ओल्या तुसात विष्ठा कुजली की अमोनिया वायू तयार होतो. डोळे चुरचुरतात ते याच वायूमुळे. त्यानं कोंबडीची श्वासनलिका आतून खराब होते आणि मग सर्दी, घरघर लगेच धरते. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतूही वाढतात.

वारा वेगळा, हवा वेगळी

मोठी कोंबडी थंडी चांगली सोसते. ती पिसं फुलवून बसते, आणि पिसांत अडकलेली गरम हवा हेच तिचं पांघरूण. पण अंगावर सरळ वाऱ्याचा झोत आला की हे पांघरूण उडतं. म्हणून नियम एकच: कोंबडी बसते त्या उंचीवर वारा नको, तिच्या डोक्याच्या वर हवेला वाट हवी. गरम, ओलसर हवा आपोआप वर चढते आणि तिथून निघून जाते.

काय करायचं?

१. वरची फट. छपराच्या वळचणीखाली समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना चार ते सहा बोटं फट ठेवा. मुंगूस, मांजर शिरू नये म्हणून बारीक जाळी ठोका. ही फट रात्रीही उघडीच राहू द्या.

२. खालची बाजू बंद. जमिनीपासून ते दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापर्यंत भेगा बुजवा. शेणमातीनं लिंपा किंवा गोणपाट लावा. आपल्याकडे थंड वारा जास्त करून उत्तरेकडून येतो, ती बाजू आधी बघा.

३. पडदा गोणपाटाचा. प्लास्टिकच्या आत पाणी सुटतं, गोणपाटातून थोडी हवा खेळते. पडदा संध्याकाळी सोडा आणि ऊन आलं की गुंडाळा.

४. तूस कोरडं. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड अंथरा. दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. ओलं गोळा झालेलं काढून खताच्या खड्ड्यात टाका, वर कोरडं घाला. पाण्याचं भांडं रात्री बाहेर काढा.

५. दाटी नको. मोठ्या कोंबडीला कमीत कमी दोन चौरस फूट जागा लागते. ५ फूट बाय ४ फूट खुराड्यात १० कोंबड्या, त्याहून जास्त नाही.

शेगडी? अजिबात नाही!

बंद खुराड्यात कोळशाची शेगडी कधीच ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि रात्रीतून सगळी पाखरं मरू शकतात. हीच शेगडी आपल्या बंद खोलीत माणसांचाही जीव घेते.

पिल्लांचं वेगळं

पिल्लांना पिसं नसतात, म्हणून ऊब लागते. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालेल, पिल्लंच सांगतात:

- बल्बखाली गठ्ठा करून बसली: ऊब कमी.
- बल्बपासून लांब पळाली, चोच उघडी: ऊब जास्त.
- सगळी एकाच कोपऱ्यात सरकली: दुसऱ्या बाजूनं वारा येतोय.
- सगळीकडे पसरून खातात, झोपतात: सगळं ठीक.

तीन तपासण्या, खर्च शून्य

*नाकाची:* पहाटे दार उघडल्या उघडल्या खाली बसून कोंबडीच्या उंचीवर वास घ्या. नाक झोंबलं, तर हवा कमी आहे. उभ्यानं वास घेऊ नका, कोंबडी खाली राहते.

*हाताची:* पत्र्याला आतून हात लावा. ओला लागला, तर वरची फट वाढवा. तूस मुठीत दाबा. गोळा झाला तर ओलं, सुटं पडलं तर बरोबर.

*उदबत्तीची:* वारा सुटलेला असताना पेटती उदबत्ती दांडीपाशी हातात धरा. धूर सावकाश वर गेला तर चांगलं. आडवा पळाला तर कुठून झोत येतोय ते शोधा आणि ती भेग बुजवा. उदबत्ती तुसापासून लांब ठेवा आणि बाहेर आणून विझवा.

एवढं करूनही कोंबडी घरघरत असेल, मान टाकत असेल, तर तिला वेगळी ठेवा आणि पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. मानमोडीची लस वेळेवर झाली का, तेही बघा. चांगली हवा लसीची जागा घेत नाही.

पुढच्या बैठकीसाठी

१. गटातल्या किती जणींच्या खुराड्याला वरची फट आहे?
२. पहाटेची नाकाची तपासणी सात दिवस करा. काय आढळलं ते एकमेकींना सांगा.
३. जाळी आणि गोणपाट सगळ्या मिळून एकदम आणले तर किती पैसे वाचतील? हिशेब मांडा.