कौलावरचे नाव

वाचकहो, तुमच्या घरावर किंवा शेजाऱ्याच्या घरावर मंगलोरी कौले असतील, तर एक काम करा. पावसाळ्याआधी छपराची डागडुजी निघेल, तेव्हा एखादे जुने कौल खाली उतरवून घ्या. ते धुऊन पुसून दोन्ही बाजूंनी पाहा. कौलावर उठावाची अक्षरे दिसतील. ती बहुधा इंग्रजी असतात. त्यांत कारखान्याचे नाव असते, गावाचे नाव असते, आणि कधी कधी एक सालही असते. पुष्कळ जुन्या कौलांवर १८६५ हे साल आढळते. म्हणजे ते कौल त्या साली भाजले, असे नव्हे. ते कारखाना निघाल्याचे साल आहे.

हा कारखाना कोणी काढला? कशासाठी काढला? आणि मातीच्या कौलावर नाव घालण्याचे कारण काय? आजच्या धड्यात एवढेच पाहायचे आहे.

मंगळूर हे कर्नाटकातले समुद्रकाठचे शहर. आपल्याकडे त्याला मंगलोर म्हणण्याचीही रीत आहे. स्वित्झर्लंड देशातल्या बाझेल गावच्या मिशनचे लोक १८३४ साली या किनाऱ्यावर आले. ते धर्मप्रसारासाठी आले होते. पण थोड्याच काळात त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. जो कोणी ख्रिस्ती होई, त्याला घरचे आणि जातीचे लोक दूर सारीत. घर सुटे, त्याबरोबर पोटापाण्याचे कामही सुटे. अशा माणसांनी खायचे काय? नुसत्या उपदेशाने पोट भरत नाही. म्हणून मिशनने छापखाना काढला, विणकामाचे माग घातले, आणि १८६५ साली मंगळुरात जेप्पू येथे नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा कारखाना काढला.

हे काम गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने केले. त्याला यंत्रांची चांगली जाण होती. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती कौलांना उत्तम आहे, हे त्याने ओळखले. कौलाचा घाट मात्र युरोपातला होता. फ्रान्सच्या आल्सेस भागातल्या गिलार्डोनी नावाच्या दोघा भावांनी १८४१ साली एकमेकांत अडकणारे कौल तयार केले होते. त्याच जातीचे कौल मंगळूरच्या मातीत होऊ लागले.

एकमेकांत अडकणारे म्हणजे काय? आपल्या कुंभाराचे नळीचे कौल अर्धगोल असते. एक उताणे, एक पालथे, असे ते रचतात. ते हाताने थापलेले, म्हणून प्रत्येक थोडे वेगळे. वाऱ्याने, वानरांच्या उड्यांनी ती कौले सरकतात. दरवर्षी ती चाळावी लागतात. मंगलोरी कौल सपाट असते. त्याच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला उंचवटा असतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत बसतो. खालच्या अंगाला टोके असतात, ती लाकडी रिपेला अडकतात. त्यामुळे कौल सहसा सरकत नाही. शंभर चौरस फूट छपराला अशी सुमारे दीडशे कौले पुरतात. छपरावर भार कमी येतो, आणि लाकूडही कमी लागते.

आता कौल तयार कसे होते ते पाहा. नदीकाठची माती आणून तिचा ढीग घालतात आणि ती मुरू देतात. मग खडे काढून, पाणी घालून ती मळतात. पूर्वी मळणीच्या यंत्राला बैल जुंपीत, पुढे वाफेची यंत्रे आली. मळलेल्या मातीचा तुकडा लोखंडी साच्यात घालून वरून दाब देतात. त्या एका दाबात कौलाचा घाट येतो, खाचा पडतात आणि नावही उमटते. ओले कौल सावलीत फळ्यांवर वाळवतात. उन्हात वाळवले तर ते वाकते, तडकते. मग भट्टीत रचून आठशे ते हजार अंश उष्णतेने भाजतात. मातीत लोखंडाचा अंश असतो, म्हणून भाजल्यावर तांबडा रंग येतो. भट्टी हळूहळू तापवावी लागते आणि हळूहळूच निवू द्यावी लागते. घाई केली की कौल फुटलेच म्हणून समजा.

हा धंदा चांगला चालला. तीनच वर्षांत, १८६८ साली, मंगळूरच्या आल्बुकर्क घराण्याने आपला कारखाना काढला. पुढे आणखी कित्येक देशी मालक या धंद्यात आले. मिशननेही १८७३ साली कालिकतला आणि १९०५ साली फेरोकला कारखाने काढले. ही दोन्ही गावे आज केरळात आहेत. शिडाच्या गलबतांत भरून कौले किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला, कोकणातल्या बंदरांत आणि मुंबईला येत. सिलोन, एडन आणि पूर्व आफ्रिकेपर्यंतही ती गेली.

गवताने शाकारलेल्या घराला आगीचे भय फार. एका घराला ठिणगी लागली की सारी आळी जळे. कौलारू घराला ते भय कमी. दरवर्षी शाकारणीचा खर्चही वाचला. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जिथे मंगलोरी कौल पोचले, तिथे कुंभाराच्या कौलांची मागणी घटली आणि त्याच्या भट्ट्या थंडावल्या. कारखान्यात शेकडो बायाबापड्या डोक्यावरून माती आणि कौले वाहत. काम कष्टाचे आणि मजुरी थोडी. १९३० नंतर कालिकत आणि फेरोकच्या कौलकामगारांनी आपले संघ बांधले, संपही केले. कौलावर नाव कारखान्याचे उमटले. ज्यांच्या हातांनी ते घडले, त्यांचे नाव कुठेच नाही. हेही ध्यानात असू द्या.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. मिशन स्विस असले तरी त्यात जर्मन माणसे पुष्कळ होती. इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले. युद्ध संपल्यावर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. मालक बदलले, पण कौलाचा घाट तोच राहिला.

आता नावाची गोष्ट. ही आमच्यावर गुदरलेली आहे, म्हणून सांगतो.

आम्ही कोकणातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होतो. शाळेवर जुनी मंगलोरी कौले होती. एका उन्हाळ्यात आंब्याची फांदी मोडून छपरावर पडली आणि एका बाजूची कौले फुटली. दोनशे कौले हवी होती. शाळेकडे पैसे बेताचे. एका व्यापाऱ्याने स्वस्तात कौले दाखवली. तांबडी, नवी, दिसायला छान. सोबतचे शिपाई म्हणाले, "गुरुजी, यांच्यावर छाप नाही हो." आम्ही म्हटले, "अहो, कौल ते कौल! छाप काय करायचा आहे?" आम्ही पैसे दिले, पावती खिशात घातली आणि निघालो.

आषाढात छप्पर गळू लागले. नवी कौले पाणी पीत होती. काहींचे पापुद्रे सुटले. चौथीची मुले दप्तरे डोक्यावर धरून बसली. आम्ही व्यापाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "माल माझा नाही, मी फक्त विकतो." कारखाना कोणता, असे विचारले, तर त्याने हात वर केले. आम्ही पावती काढली. तीवर लिहिले होते, 'कौले, नग २००.' कारखान्याचे नाव नाही, गाव नाही. आता दाद कोणाकडे मागायची?

पावसाळाभर दोन वर्ग एका खोलीत बसवले. जुनी, नाव असलेली कौले मात्र शेजारीच कोरडी होती. त्या दिवसांत आम्हाला फार लाज वाटली. शिपाई शाळा शिकलेले नव्हते, तरी छाप नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले. आम्हाला वाचता येत होते, पण आम्ही वाचले नाही.

नाव असले की माल चांगलाच असतो, असे नाही. नावही खोटे असू शकते. पण नाव घालणारा माणूस उत्तर द्यायला बांधला जातो. आज मंगलोरी हे नाव गावाचे राहिलेले नाही, कौलाच्या घाटाचे झाले आहे. केरळात आणि गुजरातेत मोरबीलाही ती कौले होतात. सिमेंटचे स्लॅब आणि पत्रे आल्यापासून मंगळूरचे बहुतेक कारखाने बंद पडले. म्हणून नुसते 'मंगलोरी द्या' म्हणू नका. कुठले, कोणाचे, हे विचारा.

कौले घेताना एवढे करा. दोन कौले एकमेकांवर हळूच आपटा. आवाज खणखणीत आला तर भाजणी चांगली. बद्द आला तर कौल कच्चे किंवा तडकलेले. मग एक कोरडे कौल वजन करून दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून, पुसून पुन्हा वजन करा. जे कमी पाणी पिते, ते चांगले. दोन कौले जुळवून खाच नीट बसते का पाहा. आणि पावतीवर कारखान्याचे नाव, गाव, नग आणि तारीख लिहून घ्या. ती पावती तिथेच, दुकानात उभे राहून, मोठ्याने वाचा. दुकानदार हसला तर हसू द्या. छप्पर त्याच्या डोक्यावर नाही, तुमच्या डोक्यावर आहे.

सांगा पाहू :

१. मिशनने कौलांचा कारखाना का काढला?
२. नळीच्या आणि मंगलोरी कौलांत फरक काय?
३. ओले कौल उन्हात का वाळवत नाहीत?
४. मुख्याध्यापकांची चूक कोणती?
५. घरातली एखादी पावती आणा. तीवर काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, ते वर्गात वाचून दाखवा.