भाजीच्या पेटीचे माप

आमच्या शेजारी एक काकू राहतात. चाळ जुनी, गॅलरी लाकडी. एका उन्हाळ्यात त्यांनी आंब्याच्या चार पेट्या मोडून एक मोठी पेटी ठोकून घेतली. म्हणाल्या, "मास्तर, एकदाच मोठी केली की कटकट मिटली." पेटी छान झाली होती. मी शाबासकी दिली.

काकूंनी पेटीत माती भरली. मेथी पेरली. पावसाळा आला आणि गॅलरीची फळी खाली वाकली. खालच्या मजल्यावरची बाई ओरडत वर आली. तिचे तान्हे मूल त्याच फळीखाली पाळण्यात निजत असे. आम्ही घाईघाईने माती उपसली. मेथी गेली. फळी वाचली.

मी मुलांना जन्मभर घनफळ शिकवले. पण पेटी पाहून हिशेब काही केला नाही! तो आज करू.

काकूंची पेटी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि १ फूट खोल होती. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करा. साडेचार घनफूट झाले. एक घनफूट ओली माती सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे पेटीत सुमारे २०० किलो माती होती. तीन-चार मोठी माणसे गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात रात्रंदिवस उभी आहेत, असे समजा.

आता गंमत अशी, की मेथीला १ फूट खोली लागतच नाही. मेथी, कोथिंबीर, पालक यांना ६ ते ८ इंच माती पुरते. पालेभाजीला रुंदी हवी, फळभाजीला खोली हवी. मिरचीला १० इंच तरी द्यावे. टोमॅटो आणि वांगे यांना १ फूट ते सव्वा फूट हवे. तेलाचा १५ किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा असतो ना, त्यात एकच टोमॅटो लावावा. जागा दिसते म्हणून दोन लावाल, तर दोन्ही रोडावतील. दुधी आणि दोडका यांना याहून मोठे भांडे लागते. त्यांची हौस अंगण असेल तर करावी.

पेटी लहान पडली तर काय होते? माती दुपारपर्यंत वाळते. मुळे कडेकडेने गोल फिरत राहतात. फुले येतात आणि गळतात. मग लोक म्हणतात, बी वाईट होते. आणि पेटी फार मोठी झाली तर? इवलेसे रोप सगळे पाणी पिऊ शकत नाही. माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात.

पेटी कोठे ठेवणार, तेही आधी ठरवा. जमिनीवर असेल तर वजनाची काळजी नाही. गॅलरी किंवा गच्ची असेल तर एका मोठ्या पेटीऐवजी लहान लहान पेट्या भिंतीच्या कडेने ओळीत ठेवा. कठड्यावर मुळीच ठेवू नका. घर जुने असेल तर जाणत्या गवंड्याला आधी दाखवा.

नुसती माती भरू नये. निम्मी माती घ्यावी, निम्मा पालापाचोळा, उसाची चिपाडे आणि कुजलेले खत घ्यावे. पेटी बरीच हलकी होते. मुंबईत तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ साली बाग सुरू झाली. तेथे स्वयंपाकघरातला ओला कचराच खतासाठी वापरला. आपल्या घरीही भाजीची देठे, साली रोज निघतात.

तळाला बोटाएवढी चार-सहा भोके पाडा. पेटीखाली दोन विटा द्या, म्हणजे पाणी निथळते आणि लाकूड लवकर कुजत नाही. औषधाचा किंवा रंगाचा डबा भाजीला घेऊ नका. पत्र्याचा डबा उन्हात तापतो. त्याला गोणपाट गुंडाळा.

काकूंनी पुढच्या वर्षी लहान पेट्या केल्या. प्रत्येक पेटी दीड फूट लांब, १ फूट रुंद, ८ इंच खोल. या वेळी खिळे ठोकण्याआधी त्या टेप घेऊन माझ्याकडे आल्या. अशा एका पेटीत किती घनफूट माती मावेल? नुसती ओली माती भरली तर वजन किती होईल? पाटीवर मांडून पाहा. ८ इंच म्हणजे फुटाचे दोन तृतीयांश, एवढे लक्षात ठेवा.