आधी रूळ, मग डोंगर

मालगाडी पळसदरी सोडून जेमतेम दोन किलोमीटर गेली आणि थांबली. पुढे दोन इंजिनं, मागून ढकलणारी तीन बँकर इंजिनं, सगळ्यांची पूर्ण ताकद लावलेली, तरी चाकं जागच्या जागी फिरत होती. पडद्याच्या कोपऱ्यात चढाचा आकडा होता, २१ ला १. खऱ्या बोर घाटात सर्वांत कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. माझ्या संगणकातला घाट जवळपास दुप्पट उभा झाला होता, आणि त्यात माझे सात महिने गेले होते.

कर्जत ते लोणावळा हा बोर घाटातला साधारण २८ किलोमीटरचा रेल्वेमार्ग ट्रेन सिम्युलेटरमध्ये हुबेहूब उभा करायचा, एवढीच माझी इच्छा होती. माझे मामा याच घाटात मालगाड्या आणि बँकर चालवून निवृत्त झाले. गुडघ्यांमुळे आता त्यांना स्टेशनचा जिनासुद्धा चढवत नाही. त्यांच्यासमोर हा घाट घरबसल्या ठेवावा, म्हणून सुरुवात केली. ओपन रेल्ससारखे मोफत सिम्युलेटर आहेत, मार्ग बांधायची साधनंही फुकट मिळतात. अडचण साधनांची नव्हती. मी कामाचा क्रमच उलटा लावला होता.

मी आधी डोंगर केले. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारने पृथ्वीच्या उंचीची मोजणी झाली, ती माहिती आज कुणालाही उतरवून घेता येते. तिच्यात साधारण दर ३० मीटरला एक उंची असते. कर्जतच्या भातखाचरांसाठी ती पुरते. सह्याद्रीच्या कड्यावर मात्र ३० मीटरच्या एका चौकोनात जमीन शंभर फूट खाली जाऊ शकते. कड्याच्या सावलीत रडारला काही दिसत नाही, तिथले आकडे अंदाजाने भरलेले असतात. दाट झाडी असेल तिथे शेंड्यांची उंचीही जमिनीत मिसळते. आणि कड्याला कोरून काढलेली, दोन-तीन रुळांपुरती अरुंद वाट तर त्या माहितीत उमटतच नाही. अशा जमिनीवर मी चादर अंथरावी तसे रूळ अंथरले. जमिनीचा प्रत्येक खोटा उंचवटा रुळांत आला.

घाट बांधणाऱ्यांनी नेमकं याच्या उलट केलं होतं. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्यापुढे पहिला प्रश्न चढाचाच होता. इंजिनाला झेपेल एवढा चढ आधी ठरला, रेषा त्यावरून आखली गेली आणि डोंगराला त्या रेषेपुढे वाट द्यावी लागली. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते. एका ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती, म्हणून गाडी थांबवून उलट्या दिशेने काढायचं स्टेशन केलं. १९२९ पर्यंत गाड्या तिथे दिशा बदलत होत्या.

म्हणून तुम्ही असा मार्ग करणार असाल तर पहिले काही आठवडे संगणकाला हात लावू नका. आलेखाचा कागद घ्या. आपल्या प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या फलकावर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती दोन टोकांना मांडा, मधलं अंतर मांडा. कर्जत ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटरचा चढ आहे, म्हणजे सरासरी ५० ला १. मग कुठे ३७ ला १ आहे आणि कुठे रूळ सपाट होतात, ते रुळांच्या कडेच्या चढाच्या पाट्यांवरून भरत जा. हा उभा छेद पूर्ण झाला की संगणकात आधी रूळ घाला, अगदी हवेत तरंगताना दिसले तरी चालतील. जमीन नंतर रुळांपाशी आणायची. ती खाली राहिली तर भराव, फार खाली राहिली तर पूल, वर आली तर खोदकाम, फार वर आली तर बोगदा. दुसऱ्यांदा मी असं केलं तेव्हा वाटेतल्या ठाकूरवाडीच्या अलीकडचा एक बोगदा मी न ठरवता, नकाशात होता त्याच जागी आला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पाट्या वाचायच्या त्या गाडीत बसून, खिडकीतून. रुळांवर चालत मोजमाप घ्यायला कधीही जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे. शिवाय घाटातल्या बोगद्यात आणि वळणावर येणारी गाडी दिसायला उशीर होतो, अंग चोरायला जागा नसते. खिडकीतून मिळतं ते पुष्कळ असतं. विजेच्या तारांच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो. मोबाइलवर सलग चित्रीकरण करा आणि घरी थांबवत थांबवत पाहा. ११५ व्या किलोमीटरच्या कितव्या खांबापाशी बोगदा सुरू होतो, हे काही मीटरच्या अचूकतेने हाती लागतं. खांबांमधलं अंतर वळणावर कमी होतं, सरळ मार्गावर वाढतं, तेही तसंच ठेवा. वळणाच्या पाटीवर वळण किती अंशांचं ते लिहिलेलं असतं. १७५० ला त्या अंशांनी भागलं की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. पाच अंशांचं वळण म्हणजे ३५० मीटर त्रिज्या. डोळ्याने काढलेलं वळण आणि या हिशेबाने काढलेलं वळण यांतला फरक गाडी चालवताना लगेच कळतो.

दुसरी चूक मामांनी पकडली. मी त्यांना खंडाळ्याच्या बाजूचा तुकडा दाखवत होतो. महामार्गावर १८३० चा अमृतांजन पूल उभा होता, त्याच्या दगडी कमानींवर मी पंधरा दिवस घालवले होते. रुळांवरून डेक्कन क्वीन गेली, नव्या एलएचबी डब्यांची. मामा म्हणाले, “हा पूल तर लॉकडाउनमध्ये पाडला. हे डबे त्यानंतर आले. तू कुठल्या दिवशीचा घाट केलायस?” पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, नवे डबे जून २०२२ मध्ये लागले. माझ्या पडद्यावरचा घाट कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हता.

तेव्हापासून भिंतीवर एक कागद लावला आहे, फेब्रुवारी २०१८. इंजिन, डबे, फलक, इमारत, गवताचा रंग, सगळं त्या महिन्याचं. एखादी वस्तू कितीही देखणी असली तरी त्या महिन्यात बसत नसेल तर ती बाहेर. तुम्हीही महिन्यासकट तारीख ठरवा, कारण आपल्याकडे जुलैचा डोंगर आणि फेब्रुवारीचा डोंगर हे दोन वेगळे डोंगर असतात. तयार मिळणारी झाडं बहुतेक युरोपातली असतात. ती काढून पळस, काटेसावर, आंबा, करवंदीच्या जाळ्या स्वतः फोटो काढून करा. काळ्या कातळाचे आडवे थर दिसले नाहीत तर तो सह्याद्री वाटत नाही.

दुसऱ्याने बनवलेलं इंजिन वा इमारत वापरायची तर आधी परवानगी विचारा. आणि रोजचं काम रोज दुसऱ्या डिस्कवर ठेवा. एकदा फाइल जतन होत असताना वीज गेली आणि माझे दोन महिन्यांचे, गाडीचा रूळ बदलणारे सांधे आणि सिग्नल गेले, ते परत आले नाहीत.

तिसरी चूकही मामांनीच काढली, आणि ती मला सर्वांत जास्त लागली. त्यांनी लोणावळ्याहून मालगाडी उतरवायला घेतली. कॅच सायडिंगपाशी आले, ब्रेक लावायला लागले आणि समोर पाहून थबकले. “अरे, सांधा मेन लाइनला कसा? इथे तो सायडिंगकडेच असतो. गाडी उभी राहिली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे कळलं, की मगच मेन लाइनला फिरतो. नाही थांबली तर सायडिंगच्या चढावर जाऊन थांबते. माणसं वाचतात ती या सांध्यामुळे.” मी सायडिंग दिसायला हुबेहूब केलं होतं, पण ते कशासाठी आहे हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. तुमच्या मार्गावर काम केलेलं एखादं माणूस शोधा आणि काम निम्मं व्हायच्या आत त्याला समोर बसवा.

मी २८ किलोमीटरांचा हट्ट सोडला. कर्जत ते ठाकूरवाडी एवढाच तुकडा पूर्ण केला, सांधे आणि त्यांच्या वेळा मामांनी सांगितल्या तशा लावल्या. गेल्या रविवारी त्यांनी गाडी खाली आणली, सायडिंगपाशी उभी केली आणि सांधा फिरेपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सांधा फिरला, सिग्नल पडला, गाडी कर्जतला पोहोचली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आता पाऊस घाल,” ते म्हणाले, “ओल्या रुळांवर बघू.”