मोबाईल ॲपमधील संवादाचे फुगे : मजकूर पूर्ण कसा दिसेल?

आपले बरेच दुकानदार व कारागीर बंधू हल्ली घरच्या मुलांकडून छोटे ॲप बनवून घेतात. आम्हीही एका रमजानपूर्वी पुतण्याकडून बनवून घेतले. मालाच्या फोटोशेजारी कात्रीचे चित्र (माणसाचे आम्हाला नको होते) आणि कात्रीच्या तोंडी फुगा : "ड्रेसचे कापड, ५ मीटर, ६०० रुपये. शिलाईचे पैसे वेगळे."

ईदच्या तोंडावर एक वयस्कर खाला आल्या. शिलाई भावातच आहे, असे त्या धरून चालल्या होत्या. त्यांचा फोन पाहिला तर फुग्यातली शेवटची ओळ गायब! नजर कमी म्हणून त्यांनी फोनची अक्षरे मोठी करून घेतली होती. फुगा मात्र तेवढाच राहिला. शिलाई आम्ही पदरची दिली. अट आम्ही लिहिली होती खरी, पण गिऱ्हाइकाला ती दिसली नव्हती.

चूक कोठे झाली? पुतण्याने फुग्याची लांबी आणि रुंदी दोन्ही बांधून टाकली होती. कापडाचा पन्हा ठरलेला असतो, लांबी मात्र गरजेप्रमाणे फाडतात. फुग्याचेही तसेच करावे. रुंदी ठरवावी, उंची मजकुरावर सोडावी. फोन एकेक शब्द मोजतो आणि न मावणारा शब्द खालच्या ओळीत नेतो. समजा फुगा २८० रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना १६-१६ मोकळे सोडले, तर मजकुराला २४८ उरतात. ओळी ४ झाल्या व प्रत्येकीला २४ उंची लागली तर ९६, शिवाय वर-खाली १२-१२, म्हणजे फुगा १२० उंच. अगोदर माप, मग कात्री.

एमआयटी ॲप इन्व्हेंटरवर काम करणाऱ्यांनी मजकूर 'लेबल'मध्ये ठेवावा, रुंदी द्यावी व उंची 'ऑटोमॅटिक' ठेवावी. 'कॅनव्हास'वर लिहिलेला मजकूर आपोआप खालच्या ओळीत जात नाही. फुग्याचे टोक वेगळे छोटे चित्र म्हणून खाली लावावे, नाहीतर फुगा वाढताच टोकही ताणले जाऊन बेढब दिसते.

काही मुले अक्षरे मोजून ओळ तोडतात. इंग्रजीत कसेबसे निभते, मराठीत नाही. 'स्त्री' हा शब्द आपल्याला एक अक्षर दिसतो, पण फोनच्या हिशेबी ते ६ तुकडे आहेत. मध्येच तोडले तर पाय मोडलेला 'स्' एका ओळीत आणि उरलेले दुसऱ्या ओळीत! ओळ शब्दांमधल्या जागेवरच तुटावी. त्यातही '५' आणि 'मीटर' वेगळे होऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घालता येते, मुलांना सांगावे.

उर्दू फुग्याचा मामला आणखी निराळा. मजकूर उजवीकडून सुरू होतो, आणि नस्तालीक तिरकी उतरते म्हणून तिला ओळीची उंची जास्त लागते. मराठीचे माप लावले तर खालचे नुक्ते कापले जातात. बे आणि पे यांतला फरक त्या नुक्त्यांवरच असतो.

ॲप गिऱ्हाइकांना देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत जुन्या, लहान पडद्याच्या फोनवर, अक्षरे सर्वांत मोठी करून, सर्वांत लांब मजकूर उघडून पाहावा. आमच्याकडे आता हे काम अम्मींच्या फोनवर होते.